बरकतपुऱ्यातला गिझर

आमच्या देगलूर-धर्माबादकडच्या घरांत हैदराबादचा एक तरी नातेवाईक निघतोच. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि मराठवाडा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला. त्याआधी मात्र शिक्षण, कोर्टकचेरी, मोठे दुखणे, कशासाठीही आमच्या आजोबांच्या पिढीची पावले हैदराबादकडेच वळत. त्यातले काही तिथेच स्थिरावले. माझी मावशी अशाच एका घरात, बरकतपुऱ्यात दिलेली.

काचीगुड्याचे रेल्वे स्टेशन १९१६ सालचे. त्याचे घुमट-मिनार पाहून नवख्याला एखाद्या महालासमोर उतरल्यासारखे वाटते. तिथून रिक्षाने बरकतपुरा जवळच. एकेकाळी आवारात झाडे असलेली बैठी घरे इथे बरीच होती. आता त्यांच्या जागी अपार्टमेंट उभी राहिली आहेत. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना लोक ‘चमन’ची खूण सांगतात. पलीकडे नारायणगुड्याला केशव मेमोरियल ही शाळा आहे. ती आपल्या मराठवाड्यातून येऊन निजामाच्या राजधानीत नाव कमावलेल्या केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ. रस्त्यावर तेलुगू, उर्दू, कन्नड, मराठी सगळ्या भाषा कानांवर पडतात. दख्खनीतला ‘नक्को’ आणि शब्दाला जोर देणारा ‘च’ हे तर मराठीचेच देणे. त्यामुळे हे शहर आपल्याला परके वाटत नाही.

जानेवारीतली पहाट मात्र इथे बोचरी असते. शहर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या वर, त्यामुळे पारा पंधरा अंशांच्या खाली सहज उतरतो. थंड देशांत अख्खे घर तापवणारी यंत्रणा असते आणि ती बंद पडली की घरात हाहाकार होतो. आपल्याकडे घर तापवत नाहीत, माणूस तापवतात, तोही बादलीभर पाण्याने! पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे आखडलेल्या बाईला विचारा, त्या बादलीची किंमत काय ती. मी तिथे असताना मावशीच्या घरचा गिझर सकाळी सुरूच होईना आणि हाहाकार म्हणजे काय ते समजले.

पाणी तापवण्याची विद्या या शहराला नवी नाही. कुतुबशाही राजांच्या कबरींच्या आवारात हमाम आहे. राजघराण्यातल्या मृतांना अखेरचे स्नान तिथे घालत, आणि त्यासाठी गरम व थंड पाण्याची वेगवेगळी सोय केलेली होती. मावशीच्या माळ्यावर तिच्या सासऱ्यांचा तांब्याचा बंब अजून आहे. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. वरून गार ओतले की तोटीतून कढत बाहेर. त्याचा नियम एकच, रिकामा बंब पेटवायचा नाही. नाहीतर डाग सुटतो. गंमत म्हणजे गिझरचा पहिला नियमही तोच. टाकी भरून गरम पाण्याच्या नळाला धार लागल्याशिवाय बटण दाबायचे नाही, नाहीतर आतले एलिमेंट जळते.

मावसभावाने आधी पातेल्यात गॅसवर पाणी ठेवले, कारण मावशीची आंघोळ थांबवणे शक्य नव्हते. मग आम्ही मीटरजवळच्या बोर्डापाशी गेलो. तिथे आरसीसीबीचा, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी ‘ईएलसीबी’चा, खटका पडलेला होता. गिझरचे बटण बंद ठेवून खटका वर केला, तर घरातले दिवे लागले. गिझर लावला की खटका फट्‌कन खाली. म्हणजे दोष वीजमंडळाचा नाही, घरातल्या इतर वायरिंगचा नाही. तो गिझरमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. एवढा शोध कोणालाही स्क्रू न उघडता लावता येतो. यापुढचे काम मिस्त्रीचे.

शेजारच्या एका गृहस्थांनी सल्ला दिला, “तो खटका काढून थेट जोडा. पाणी तापेल की!” तेवढ्यात मिस्त्री आला होता. त्याने मान हलवली.

“बायपास नक्को साब. ये स्विच गिररा तो कुछ बोलरा. उसकी सुनना.”

त्याचे म्हणणे समजून घेण्यासारखे आहे. हा खटका जाणारी आणि परतणारी वीज सारखी आहे की नाही, ते पाहत असतो. घरगुती खटक्यात साधारण तीस मिलिअँपिअरची तफावत पडली, की तो पुरवठा तोडतो. तफावत म्हणजे वीज दुसऱ्याच वाटेने, गिझरच्या पत्र्यातून किंवा पाण्यातून जमिनीत चालली आहे. ओल्या फरशीवर अनवाणी उभे असलेले माणूस ही तिच्यासाठी सोपी वाट.

मिस्त्रीने मेन स्विच बंद करून गिझर उघडला. एलिमेंटवर पांढऱ्या क्षाराचा बोटभर जाड थर! बोअरचे जड पाणी तापले, की त्यातला चुना एलिमेंटवर बसतो. मग उष्णता पाण्यात जात नाही, एलिमेंट आतल्या आत जास्त तापते, त्याच्या आवरणाला तडा जातो आणि वीज पाण्यात झिरपते. मल्टिमीटर लावल्यावर तेच दिसले. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी असते. ती स्वतः झिजून टाकीला वाचवते. तिची नुसती तार उरली होती. एलिमेंट, गॅस्केट आणि कांडी बदलली, टाकी धुतली. दुपारी खटका जागेवर टिकला.

सगळेच गिझर याच कारणाने बंद पडत नाहीत. दिवाच लागत नसेल, तर एमसीबी, प्लग आणि सॉकेट पाहावे. दोन किलोवॅटचा गिझर जवळजवळ नऊ अँपिअर वीज घेतो. त्याला सोळा अँपिअरचेच सॉकेट हवे, सहाचे जळते. वीज येते पण गिझर थंड, तर जास्त तापल्यावर उडणारा कट-आउट पडलेला असू शकतो. तो मिस्त्रीने कारण शोधूनच दाबावा. दिवा लागतो पण पाणी गारच, तर एलिमेंट किंवा थर्मोस्टॅट गेला. आणि हिशेब ठेवावा : पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून साठपर्यंत न्यायला दोन किलोवॅटच्या गिझरला वीस-बावीस मिनिटे पुरतात. तासभर लागू लागला, तर क्षार बसल्याची ती सूचना समजावी.

गिझर बंद म्हणून बादलीत रॉड सोडणे किंवा कढत पातेले म्हाताऱ्या माणसाच्या हाती देणे, दोन्ही टाळावे. गॅस गिझर असेल, तर खिडकी नसलेल्या न्हाणीघरात तो नकोच. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

आपल्याकडेही बहुतेक घरांत बोअरचे पाणी आहे. अभ्यंगस्नानाच्या पहाटे मिस्त्री मिळत नाही. तेव्हा दिवाळीच्या आधी गिझर एकदा उघडून साफ करून घ्यावा, आणि आरसीसीबीवरचे ‘टेस्ट’चे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. खटका पडला तर ठीक. पडला नाही, तर तो त्याच दिवशी बदलावा.