कॉझीची कमान

वाफेचे इंजिन रुळांवर यायला अजून जवळजवळ 80 वर्षे होती, तेव्हाची ही गोष्ट. इंग्लंडच्या डरहॅम परगण्यात कॉझी ओढ्यावर 1725-26 मध्ये एक दगडी कमान उभी राहिली. आज जगात टिकून असलेला हा सर्वांत जुना एककमानी रेल्वेपूल. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, ती त्यानंतर सव्वाशे वर्षांनी.

रूळ लाकडाचे, वाघिणी कोळशाच्या, ओढायला घोडे. टॅनफील्डच्या खाणींतला कोळसा टाइन नदीच्या धक्क्यांवर न्यायचा, तर वाटेत ही खोल दरी. भरल्या वाघिणीला चढ नको आणि तीव्र उतारही नको. म्हणून खाणमालकांनी राल्फ वूड या गवंड्याच्या हाती हे काम दिले. पुलावर दोन वाटा होत्या: एकीवरून भरलेल्या वाघिणी नदीकडे जात, दुसरीवरून रिकाम्या परत येत. ऐन भरात दिवसाला सुमारे 900 वाघिणी इथून जात.

गाळा सुमारे 100 फुटांचा, उंची 80 फुटांच्या आसपास. पुढची 30 वर्षे ब्रिटनमध्ये एका कमानीचा याहून मोठा पूल झाला नाही. दगड ताणला तर तुटतो, दाबला तर सोसतो. कमानीचे सारे शहाणपण यात आले. पाचरीसारखे घडवलेले चिरे दोन्ही काठांकडून लाकडी कलबुदावर, म्हणजे तात्पुरत्या आधार-साच्यावर, चढत जातात. माथ्यावरचा कळीचा दगड बसेपर्यंत कमान स्वतःच्या बळावर उभी नसते. तो बसला, की चिरा चिऱ्याला रेटतो आणि सगळा भार काठांच्या पोटात उतरतो. मग कलबूद काढायचे. पूल माणसांचा की ओढ्याचा, हे तेव्हाच ठरते.

वूडचा आधीचा लाकडी पूल कोसळला होता आणि हाही कोसळेल या धास्तीने त्याने काम पुरे होण्याआधीच इथून उडी घेतली, अशी आख्यायिका आहे. ती ऐकताना मला त्याच्याविषयी आदरच वाटतो. ताण मोजण्याची सूत्रे त्याच्यापाशी नव्हती. होते ते हाताचे माप आणि रोमन कमानींचा जुना धडा. पुलावरच्या सूर्यघडीवर त्याचे नाव, गवंडी हा त्याचा व्यवसाय आणि 1727 हे साल कोरलेले आहे.

वाघिणी कधीच थांबल्या. आता माणसे पायी जातात. ज्याच्या हातून माणसांचा भार पेलणारी वस्तू घडते, त्याला रात्री झोप उडवणारी थोडी धास्ती असलीच पाहिजे. ती धास्ती ज्याला वाटते, तोच चिरा पुन्हा एकदा तपासून बसवतो, आणि त्याचेच काम 300 वर्षे उभे राहते.