उधारीचा तंबू

मराठी विभागात लिहायची ही माझी पहिलीच वेळ. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे वर्गात मराठी बोललं की दोन रुपये दंड व्हायचा, आणि मी इतका दंड भरलाय की त्यात एखादा सीलिंग फॅन तरी नक्की आला असेल. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्याव्यात ही विनंती. आणि हो, शीर्षक वाचून आमच्या मजल्यावरच्या ज्या मैत्रिणीला राग येईल तिने कृपया लेख शेवटपर्यंत वाचावा. तंबू तिचा आहे.

माझे पप्पा एस.टी.त ड्रायव्हर. धुळे डेपो, सव्वीस वर्षं. आई घरी. दादा पुण्याला कंपनीत, मी इथे जळगावात हॉस्टेलवर. म्हणजे धुळ्याच्या घरात आता दोघंच. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी हेच असेल. पण आमच्याकडे एक वेगळीच भानगड होती. आई-पप्पा एकमेकांशी माझ्यामार्फत बोलायचे.

खोटं वाटेल, पण शप्पथ! रात्री मेसमधून येऊन फोन लावला की आई म्हणायची, "तुझ्या पप्पांना सांग, गॅसचा नंबर लावायचाय." पप्पा त्याच खोलीत, टीव्हीसमोर. मग मी पप्पांच्या मोबाईलवर. "तुझ्या आईला सांग, सकाळीच लावला." ई अँड टी.सी.वाल्यांना रिपीटर शिकवतात ना, आलेला सिग्नल घ्यायचा, वाढवायचा आणि पुढे पाठवायचा? तो मी. फरक एवढाच की मी सिग्नल वाढवण्याऐवजी थोडा गाळून पाठवायचे.

हे कधी सुरू झालं ते मला नीट माहीत आहे. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ एस.टी.चा मोठा संप झाला होता, आठवत असेल. पप्पा संपात होते. पगार बंद. तेव्हा मी बारावीला, आणि क्लासच्या फीचा दुसरा हप्ता भरायचा होता. आईने पप्पांना न विचारता तिच्या पाटल्या मोडल्या. पप्पांना कळलं ते कपाटात सोनाराची पावती सापडली तेव्हा. भांडण असं झालंच नाही. पप्पा म्हणाले, "मला विचारलं असतं तर?" आई म्हणाली, "विचारून काय झालं असतं?" बस्स. एवढीच दोन वाक्यं. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते. संप मिटला, पगार सुरू झाला, मला अॅडमिशन मिळाली. ती दोन वाक्यं मात्र घरात तशीच राहिली. ज्या पैशावर मी इंजिनिअर होतेय तो त्या पाटल्यांचा, हे तिघांनाही ठाऊक आणि तिघंही गप्प.

यंदा त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. दादाचं म्हणणं, मनालीचं पॅकेज बुक करू. पप्पा म्हणाले, "डोंगर काय बघायचे? घाट मी रोजच बघतो." आईला विचारलं तर भाजी निवडता निवडता म्हणाली, "पाटणादेवीला गेलो असतो एकदा." मला वाटलं, देवदर्शन! पण दादाने तेवढ्यात घोषणा करून टाकली की दर्शनही होईल आणि डोंगरात तंबूत मुक्कामही. कंपनीच्या पिकनिकमध्ये तो एकदा तंबूत झोपला होता, तेव्हापासून त्याचं तेच चालू आहे. "या वयात? लोक काय म्हणतील?" हे आईचं वाक्य पप्पांना सांगायला अर्थात माझ्याकडेच आलं. मी ते पुढे पाठवलंच नाही.

लग्नाचा वाढदिवस मे महिन्यातला. पण खानदेशात मे महिन्यात कुणाला तंबूत झोपवणं म्हणजे भट्टीत वांगी भाजणं. म्हणून कोजागिरीनंतरचा शनिवार ठरला. अभयारण्यात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, म्हणून वनखात्याच्या विश्रामगृहाच्या आवारात लावायची परवानगी काढली. तंबू मैत्रिणीचा. आदल्या रात्री आम्ही हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये तो उभा करून बघितला आणि रेक्टर मॅडम नेमक्या राउंडला आल्या. तो किस्सा परत कधीतरी.

दादाला ऐनवेळी सुट्टी मिळाली नाही. मग तंबू आणि आई-बाप, तिन्ही माझ्या गळ्यात.

धुळ्याहून चाळीसगावपर्यंत पप्पा एस.टी.त प्रवासी म्हणून बसले. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. सगळा रस्ता त्यांचा उजवा पाय जागच्या जागी ब्रेक दाबत होता. आई खिडकीशी, मी मध्ये. माझी नेहमीची जागा!

चाळीसगाव स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे, तिथे आता त्यांच्या कलेचं संग्रहालय आहे. टेबल-टॉप फोटोग्राफीत त्यांचं मोठं नाव. १९१२ साली जन्मलेला हा माणूस मुंबईचं सगळं सोडून इथे आला आणि पुढची कित्येक दशकं घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. मुंबईत राहिलेली मैत्रीण गाडीने येईन म्हणाली होती आणि तिच्यासाठी ते रोज रात्री त्या गाडीची वेळ होईपर्यंत जागे राहायचे, असं चाळीसगावात सांगतात. १९८९ मध्ये ते गेले. मी ही गोष्ट आई-पप्पांना सांगितली. आई म्हणाली, "बिचारा." पप्पा म्हणाले, "पत्र टाकायचं ना." तेही मलाच.

पाटणादेवी तिथून अठरा किलोमीटर. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सातमाळ्याच्या डोंगररांगेच्या पोटात, तिन्ही बाजूंनी कडे आणि मध्ये चंडिकादेवीचं काळ्या दगडाचं यादवकालीन देऊळ. हा सगळा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. वरच्या अंगाला पितळखोऱ्याची बौद्ध लेणी, ती तर इसवी सनाच्याही आधीची. आणि इंजिनिअरिंगवाल्यांनी जिथे चपला काढून जायला हवं ती गोष्ट म्हणजे इथला शिलालेख. इ.स. १२०७ मधला. 'लीलावती'वाल्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, त्याला मिळालेल्या दानाचा हा लेख. १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रसिद्ध केला. तिथे उभं राहून मला माझा एम-थ्रीचा बॅकलॉग आठवला आणि मी देवीला मनापासून नमस्कार केला.

त्या लेखातली एक गोष्ट मला फार आवडली. आजोबांची थोरवी वगैरे सगळं संस्कृतात आहे. पण बाजारातल्या जकातीतलं काय मठाला द्यायचं, दर तेलघाण्यामागे पळीभर तेल द्यायचं, हा व्यवहाराचा भाग तिथल्या लोकांच्या बोलीत आहे. म्हणजे मोठं बोलायला एक भाषा आणि तेल-मीठ बोलायला दुसरी. हे मी इथे उगाच लिहीत नाहीये, पुढे कामाला येणार आहे.

जेवण झाल्यावर तिघांनी केदारकुंडाकडे जायचं ठरलं. डोंगरातून पाणी पडतं ती जागा. पहिलाच ओढा ओलांडताना शेवाळलेल्या दगडावरून माझा पाय घसरला आणि घोटा मुरगळला. बुटांची जाहिरात बघून घेतलेले बूट! आई पायात साधी चप्पल घालून पलीकडे कधीच पोचली होती. पप्पांनी मला धरून परत देवळापाशी आणलं, नारळ-फुलांच्या दुकानातल्या मावशींनी हळद गरम करून लावली. मी म्हटलं, "तुम्ही दोघं जा. पाच वाजेपर्यंत परत या." दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग, मला वाटतं खूप दिवसांनी, एकमेकांकडे पाहिलं. आणि आई चालायला लागली. पुढे आई, मागे पप्पा.

पाच वाजले. साडेपाच झाले. मोबाईलला रेंज नाही. ऑक्टोबरात दिवस लवकर बुडतो आणि तिथे तर कडेच इतके उंच की ऊन आधीच वर सरकतं. शेवटची जीप प्रवासी घेऊन गेली. मावशी दुकानावर ताडपत्री ओढता ओढता सहज म्हणाल्या, "मागच्या आठवड्यात बिबट्या दिसला म्हणे पलीकडे." मावशी, हे आत्ताच सांगायचं होतं का!

सहा वाजता मला रडू यायला लागलं. पप्पांना कंबरदुखी आहे. सव्वीस वर्षं सीटवर बसलेला माणूस, डोंगर चढलाय कधी? आई चक्कर येऊन पडली तर पप्पा तिला हाक तरी मारतील का, की तिथेही माझी वाट बघतील? असले भलते विचार येत होते. तिथल्या वनरक्षक काकांनी बॅटरी आणि काठी घेतली, निघणार तेवढ्यात ओढ्याच्या बाजूने बोलण्याचा आवाज आला.

आईचा आवाज. मोठा. आणि ती मराठी बोलत नव्हती.

विदर्भ-कोकणातून आलेल्या मैत्रिणींसाठी सांगते, आमच्याकडे घरोघर अहिराणी बोलतात. आई-पप्पाही बोलायचे. पण मी केजीत गेले तेव्हा शाळेतून सांगण्यात आलं की मुलीसमोर घरी फक्त इंग्रजी बोला. इंग्रजी त्या दोघांना येत नव्हतं. मग तडजोड म्हणून पुस्तकातली मराठी सुरू झाली. मला वाटायचं हीच त्यांची भाषा. तिच्यातून ती दोघं एकमेकांशी पाहुण्यांसारखी बोलायची आणि मग तेही थांबलं.

"थकनात का?" आई विचारत होती. अंधारातून पप्पांचा आवाज आला, "तू चाल, मी ऊनूच." आणि मग दोघंही कशाला तरी हसली. मी कधी ऐकलंच नव्हतं ते हसणं. म्हणजे मी जन्मायच्या आधीचं असावं.

मी चिडून ओरडले, "कुठे होता तुम्ही?" आईच्या साडीचा काठ गुडघ्यापर्यंत भिजलेला. पप्पांच्या हातात तिच्या चपला. "काही नाही गं," आई म्हणाली, "बसलो होतो." पप्पा वनरक्षक काकांना हात जोडून माफी मागत होते आणि चेहऱ्यावर माफीचं काहीच नव्हतं.

मग कळलं की आई लहानपणी बैलगाडीतून इथे यायची. देवी तिच्या माहेरची कुलदेवी. मामा आणि ती केदारकुंडापर्यंत पळत जायची. वीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं म्हणा.

तंबू पप्पांनी लावला. दोऱ्या अशा आवळल्या की जणू टपावरचं सामान. तंबू दोघांचाच, म्हणून मला विश्रामगृहात खोली. खिडकीतून तंबू दिसत होता. आठच्या सुमारास कड्यामागून चंद्र वर आला. आत बॅटरी लावलेली, दोन सावल्या बसलेल्या. पाय ठणकत होता, झोप येत नव्हती. बोलणं ऐकू येत होतं पण अहिराणीत, भरभर. मला ती अर्धीमुर्धीच कळते. एकदा पप्पा म्हणाले ते नीट कळलं, की याच डोंगरातून, पलीकडच्या औट्रम घाटातून हजारदा गाडी नेली, पण घाटात थांबता येत नाही ना. मग बऱ्याच वेळाने आईच्या तोंडून 'पाटल्या' हा शब्द आला. मी उठून बसले. त्यानंतर पप्पा बोलत राहिले, खूप वेळ, खालच्या आवाजात. एक अक्षर कळलं नाही. आई मध्येच हसली की रडली, तेही नाही.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या बोलण्यात माझी गरज नव्हती. खरं सांगू? थोडं वाईटही वाटलं.

सकाळी चहा पिताना मी आडून आडून विचारलं. आई म्हणाली, "थंडी होती रात्री." पप्पा म्हणाले, "हो, होती." चौकशी समाप्त.

आता फोन केला की आई गॅस, दूधवाला, लाईट बिल यातलं काहीच सांगत नाही. माझ्या जेवणाबद्दल विचारते आणि ठेवून देते. मध्ये एकदा रात्री दहाला लावला तर एंगेज. अर्ध्या तासाने लागला. पप्पा मुक्कामाच्या गाडीवर पुण्याला होते, त्यांच्याशी बोलत होती म्हणे. मी म्हटलं, "अर्धा तास?" तर म्हणाली, "तुले काय करनं शे?" मला! अहिराणीत!

राहिला तंबू. मागच्या रविवारी घरी गेले तेव्हा तो माळ्यावर नीट गुंडाळून ठेवलेला होता. मी काढायला गेले तर पप्पा म्हणाले, राहू दे. शहाद्याच्या डेपोत त्यांचा एक मित्र आहे, त्याच्याकडे त्यांनी तोरणमाळच्या गाडीची चौकशी करून ठेवलीय. दोन तिकिटांची.

तेव्हा मैत्रिणी, रागावू नकोस. आणि हॉस्टेलवर कुणाकडे दोन माणसांचा जुना तंबू पडून असेल तर कळवा, योग्य भाडं देण्यात येईल.