बंद कोंदण

हिऱ्यापेक्षा कोंदणाला जपावं लागतं, असं आमची ही नेहमी म्हणते. ती अंगठीबद्दल बोलते की संसाराबद्दल, हे विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

हिऱ्याचा विषय आमच्यासारख्यांच्या घरात सहसा निघत नाही. तो निघाला आत्याच्या नातीच्या लग्नात. आत्याच्या बोटात तिच्या सासूची अंगठी आहे. हिरा ज्वारीच्या दाण्याएवढा. कोंदण जुन्या पद्धतीचं, चहूबाजूंनी आणि खालूनही बंद. अंगठी नातीला द्यायची ठरली, तेव्हा नात म्हणाली, "आजी, हिरा तोच ठेवू, पण टिफनी करून घेऊ."

मला आधी टिफिन ऐकू आलं. मग कळलं, की न्यूयॉर्कच्या टिफनी कंपनीनं १८८६ साली ही तऱ्हा काढली. सोन्याचे सहा बारीक काटे हिऱ्याला कड्याच्या वर उचलून धरतात, सगळीकडून उजेड आत शिरतो आणि हिरा झळाळतो.

"म्हणजे करंगळीवर गोवर्धन!" आत्या म्हणाली. "अन् कणीक मळताना? सहा काट्यांत सहा ठिकाणी पीठ अडकेल."

तरीही आम्ही नगरच्या सराफ बाजारात गेलो. (गावाचं नाव आता अहिल्यानगर, आत्याच्या तोंडी अजून नगरच.) म्हाताऱ्या सराफांनी डोळ्याला भिंग लावलं.

"बंद कोंदणात खड्याखाली चकचकीत वर्ख घालायची रीत होती," ते म्हणाले. "उजेड त्याच्यावरून परततो. उघडल्यावर चमक हिऱ्याची किती अन् वर्खाची किती, ते दिसेल. मग मला बोल लावू नका. उघडू?"

दुकानात एकदम शांतता. १९७२ च्या दुष्काळात हीच अंगठी गहाण ठेवून आत्यानं घर चालवलं होतं आणि पुढं पै पै साठवून सोडवून आणली होती. त्या सावकारानंसुद्धा ती उघडून पाहिली नव्हती. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो. अशा प्रसंगी पुरुषमाणसानं तेच करायचं असतं.

नातीनं अंगठी उचलली आणि बोटात घातली. "काका, राहू द्या. मला अशीच हवी. सैल होतेय, पण दोरा गुंडाळीन."

"बरं," सराफ म्हणाले, "पण पाणी लागू देऊ नका हं. आत वर्ख असला तर काळा पडतो, अन् खडा मेल्यासारखा दिसतो."

"पाणी?" आत्या म्हणाली. "अहो, पन्नास वर्षं हिच्यासकट भांडी घासलीत मी!"

सराफांनी काढून ठेवलेलं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.