वहीवरचं जेवण

पूर्वी बोईसरला कुणी जेवण मागवत नसे, खानावळ लावत. १९६९ साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, एमआयडीसीत कारखाने उभे राहिले आणि जळगाव-सांगलीपासून पार उत्तर प्रदेश-ओडिशापर्यंतची पोरं कॉट बेसिसवर येऊन राहिली. स्वयंपाक येत नाही, चूल नाही, पाळ्या तीन. त्यांना जगवलं खानावळवाल्या काकूंनी. पैसे पगार झाल्यावर. गावी जाणारा "काकू, चार दिवस खाडा" एवढं सांगून जाई. कुणाचा गुरुवार, कुणाची रात्रपाळी, सगळं वहीत. आमटीत डाळ शोधावी लागे, ते सोडा.

घरपोच माल तेव्हाही येई. सातपाटीच्या कोळणी पाट्या घेऊन पालघरच्या गल्ल्यांत फिरत. कुठल्या घरी श्रावण कडक आणि कुठल्या घरी नावापुरता, हे त्यांना पाठ. "पापलेट ऱ्हाऊ दे, बोंबील घे" हा सल्ला फुकट. आज हेच काम अल्गोरिदम करतो म्हणून आपण थक्क होतो.

आता त्याच गल्ल्यांत जेवण पोचवणाऱ्या पोरांचे लाल आणि केशरी टी-शर्ट दिसतात. दीपिंदर गोयल आणि पंकज चड्ढा यांनी २००८मध्ये ऑफिसातल्या सहकाऱ्यांसाठी हॉटेलांची मेन्यूकार्डं स्कॅन करून वेबसाइटवर टाकली, त्यातून झोमॅटो झाली. श्रीहर्ष मजेटी आणि नंदन रेड्डी यांचा कुरिअरचा धंदा आधी बसला. मग राहुल जैमिनींना घेऊन २०१४मध्ये बंगळुरूत स्विगी काढली. एक कंपनी २०२१ला शेअर बाजारात गेली, दुसरी २०२४ला. आपल्याकडे पवईत आयआयटीच्या पोरांनी टायनीआउल नावाचं असंच ॲप काढलं होतं. २०१५मध्ये कर्मचारीकपात झाली, तेव्हा पुण्याच्या ऑफिसात कर्मचाऱ्यांनी एका संस्थापकालाच अडवून ठेवलं.

धंदा बुडतो, त्यात नवल नाही. खानावळीही बुडत. दोन महिन्यांची उधारी ठेवून पोरगा रातोरात खोली सोडायचा. फरक इतकाच की टायनीआउलमध्ये बुडाले ते मुख्यतः गुंतवणूकदारांचे पैसे. काकूंचं मंगळसूत्र गहाण पडायचं. ॲपला उधारीची जोखीमच नाही. ते पैसे आधी नाहीतर दारातच घेतं, हॉटेलवाल्याकडून कमिशन कापतं आणि पेट्रोलचा भार डिलिव्हरीवाल्या पोरावर टाकतं. पंचवीस तारखेला खिसा रिकामा असलेल्या हेल्परला तिथे जेवण नाही. काकू कुरकुरत का होईना, वाढायच्या.

एवढं सगळं खरं असलं तरी खानावळीबद्दल फार हळवं व्हायला माझं मन घेत नाही. तिथे बाई वाढायला असायची, जेवायला नसायची. एमआयडीसीत नोकरीला आलेली एकटी मुलगी त्या बाकड्यांवर बसली तर पंधरा ताटांवरच्या माना वळत. मग ती खोलीत स्टोव्हवर खिचडी टाकी, नाहीतर चहा-बिस्किटावर झोपे. आज लॅबमधून उशिरा सुटलेली मुलगी रिक्षातूनच बिर्याणी मागवते आणि ती यायला वेळ लागला तर पोराला फोन करून चांगली झापते.