मूठभर ज्वारी

मैत्रिणींनो, आधी एक प्रश्न विचारते, रागावू नका हं! काल दिवसभरात तुम्ही घरातल्या कुणाचे आभार मानलेत? रिक्षावाला, भाजीवाली, शेजारीण यांचं सोडा. घरातल्या माणसाचे? नाही ना आठवत? मलाही आठवत नसे. घरच्या माणसाचे आभार मानायचे म्हणजे त्याला परकं केल्यासारखं वाटतं आपल्याला. नवऱ्याने पाण्याचा हंडा उचलून ठेवला तर 'बरं झालं' एवढंही आपल्या तोंडून निघत नाही. सासूबाईंनी मेथी निवडून ठेवली तर त्यात राहिलेले चार देठ मात्र लगेच दिसतात. खरं की नाही?

आम्ही अमरावतीचे ख्रिस्ती. आमच्यात 'उपकारस्तुती' हा शब्द सकाळ-संध्याकाळ तोंडात असतो. जेवायला बसताना, रात्री कुटुंब-प्रार्थनेत, रविवारी मंडळीत, सगळीकडे देवाचे उपकार मानायचे. हंगाम निघाला की उपकारस्तुतीचा खास रविवार असतो. त्या दिवशी बायाबापड्या ज्वारी, तूर, भोपळा, संत्री, कुणी कोंबडी, कुणी अंडी घेऊन येतात. उपासना झाली की त्याच वस्तूंचा लिलाव होतो आणि एका भोपळ्यावर दोन वकील हट्टाने बोली वाढवत नेतात. मोठी मजा असते!

आता हाच 'उपकार' शब्द घरात कसा वापरतो बघा. "एवढं केलंस तर काय उपकार केलेस का माझ्यावर?" किंवा "कुणाचे उपकार नकोत बाई आपल्याला!" देवळात गोड असलेला शब्द चुलीपाशी आला की कडू होतो. हे मला फार उशिरा कळलं. कसं कळलं, तेच सांगते.

आठ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे हे एका विनाअनुदानित शाळेत शिक्षक. म्हणजे काय, ते शिक्षकाच्या बायकोलाच विचारावं! रोज इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत जायचं, पेपर तपासायचे, निवडणुकीची ड्यूटीही करायची. पगार मात्र कधी अर्धा, कधी सहा-सहा महिने नाही. मी घरी शिवणकाम करत होते. लग्नसराईत रात्री बारा-बारा वाजेपर्यंत मशीन चालायचं. मुलगी सहावीत. अशा वेळी अकोल्याहून सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. पिशवीत दोन लुगडी, पवित्र शास्त्र, चष्म्याचं घर आणि एक जुना डालड्याचा डबा.

दुसऱ्या दिवशी मी भाकरीसाठी परात घेतली, तर आईंनी ज्वारीच्या पोत्यातून मूठभर ज्वारी काढून त्या डब्यात टाकली. संध्याकाळी पुन्हा एक मूठ. अकोल्याच्या घरी ही त्यांची कायमची रीत. डबा भरला की गरजवंताच्या घरी द्यायचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांधकाम चालू होतं. तिथे मेळघाटातून आलेली एक कोरकू बाई दोन लेकरं घेऊन राहायची. पहिला डबा तिच्या पदरात गेला.

मी आठ दिवस गप्प बसले. नवव्या दिवशी तोंड सुटलं. म्हटलं, "आई, इथे आपल्यालाच पुरत नाही. वाण्याची उधारी आहे. लोकांना काय वाटता?"

त्या चिडल्या नाहीत. अस्सल वऱ्हाडीत म्हणाल्या, "माह्या आजीच्या वाटची मूठ हाय ते, बाई. मले थांबवू नको."

मग त्यांनी सांगितलं. 1899-1900 साली आपल्या वऱ्हाडात फार मोठा दुष्काळ पडला. जुनी माणसं त्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणत. त्याआधी 1896-97 मध्येही एक दुष्काळ येऊन गेलेला. पंडिता रमाबाई त्या वेळी स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार अशा शेकडो मुलींना घेऊन आल्या, हे तुम्ही वाचलं असेल. आपल्याकडेही मिशनरी मंडळींनी अनाथ लेकरं सांभाळली. आईंची आजी त्यांतलीच एक. वय असेल पाच-सहा वर्षांचं. आईबाप कोण, गाव कुठलं, काही सांगता येत नव्हतं. रस्त्याच्या कडेला ती कुणाला तरी सापडली. त्या माणसाने आपल्या फडक्यातली मूठभर ज्वारी उकडून तिला भरवली आणि मिशनच्या दारात आणून सोडलं. तो कोण, कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, हे कुणालाच कधी कळलं नाही. आजी मोठी झाली, तिचं लग्न झालं, आणि संसाराच्या पहिल्या दिवसापासून तिने ही मूठ काढायला सुरुवात केली. ज्याचे आभार मानायचे तो तर पुन्हा भेटणार नव्हता. मग ती मूठ पुढच्या भुकेल्याला द्यायची.

गोष्ट ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, नाही का? नाही आलं. मनात म्हटलं, दुष्काळ तुमच्या आजीचा आणि उधारी माझी! त्यानंतर मी बोलले नाही, पण भांडी आपटत राहिले. बायकांना भांडी आपटण्याची भाषा बरोबर कळते. एप्रिल संपता संपता आई म्हणाल्या, "घर बंद हाय, जाऊन येतो." आणि अकोल्याला परत गेल्या. डबा मात्र इथेच ठेवून गेल्या.

त्यानंतर एका दुपारी मी हिशेबाची वही काढून बसले. मनातून मला सिद्ध करायचं होतं की त्या मुठीने माझं किती नुकसान केलं! आई यायच्या आधी आम्हा तिघांना पंधरा दिवसांना साडेसात किलो ज्वारी लागायची. म्हणजे माणशी अडीच किलो. आई आल्यावर चौघांना दहा किलो. वर रोजच्या दोन मुठी, पंधरा दिवसांत दीड किलो. म्हणजे साडेअकरा किलो संपायला हवी होती. पण वहीत प्रत्येक वेळी दहाच किलो!

मी दोनदा बेरीज केली. मग मुलीला हाक मारून विचारलं, "आजी जेवायला किती घ्यायची गं?"

ती सहज म्हणाली, "अर्धीच भाकरी. म्हणायची, मले भूक नाही. मला वाटलं, तुला माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. रोज मीच वाढत होते आणि मला माहीत नव्हतं! ती मूठ आईंच्या स्वतःच्या ताटातून जात होती. माझ्या संसारातून एक दाणाही गेला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी बडनेऱ्याहून गाडी पकडली. मे महिन्यातलं अकोला तुम्हाला ठाऊक आहे. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. आई माठाजवळ ओल्या फरशीवर पदर पसरून पडल्या होत्या. नळ चार दिवस आलेला नव्हता. मी पाणी प्याले, आणि गाडीत पाठ केलेलं सगळं विसरून एवढंच म्हणाले, "आई, मला माफ करा. आणि तुमचे फार आभार."

त्या दचकून उठून बसल्या. "कायचे आभार वं? घरच्या मानसाचे कोनी आभार मानते काय?" मग बराच वेळ गप्प. नंतर हळूच म्हणाल्या, "तू रातच्या बारा वाजेपर्यंत मशीन चालवत होती. मले झोप येत नव्हती. मी पडल्या पडल्या रोज देवाले म्हणो, या पोरीसाठी तुह्ये लय उपकार हायेत बापा. तुले मात्र कधी बोललो नाही."

बघा मैत्रिणींनो! एका छपराखाली दोन बाया. दोघीही रोज रात्री देवाचे उपकार मानणाऱ्या. मी वर्षभर झुरत होते की माझ्या कष्टांची कुणाला किंमत नाही. ती किंमत रोज रात्री चार हातांवर केली जात होती, फक्त माझ्या कानांपर्यंत पोचत नव्हती.

लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. प्रभू येशूने दहाही जणांना बरं केलं, पण परत येऊन पायांशी पडला तो एकटा, आणि तोही परका मानलेला शोमरोनी. लहानपणी रविवारच्या शाळेत मला वाटायचं, बाकीचे नऊ फार वाईट असणार. आता वाटतं, ते आपल्यासारखेच असतील. कुणाला घरची ओढ, कुणाला कामाची घाई. मनातल्या मनात मानलेही असतील त्यांनी उपकार. पण परत जाऊन सांगायचं राहिलं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. आभार मानणं म्हणजे तोंड दाबून सोसणं नव्हे. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलं, ते नीट वाचा. प्रत्येक परिस्थितीत देवाचे उपकार माना असं तो सांगतो. प्रत्येक परिस्थितीबद्दल माना असं नाही. पगार मिळत नाही याबद्दल मी उपकार कशाला मानू? हे बाकीच्या शिक्षकांबरोबर मुंबईला आझाद मैदानावर धरण्याला बसायला गेले, तेव्हा आईंनीच दशम्या बांधून दिल्या. पुढे टप्प्याटप्प्याने थोडं थोडं अनुदान सुरू झालं, ते मागितल्यामुळेच.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी अनेकींनी वाचली असतील. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, तेव्हा या बाईंच्या पायांखालची जमीन सरकली. पुढे 1900 साली त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला. घरात पैसा टिकत नसे, टिळक हातातलं कुणालाही देऊन मोकळे होत. लक्ष्मीबाईंनी यातलं काहीही लपवलेलं नाही. नवऱ्याचा राग, रुसवे, उपासमार, सगळं सांगितलं, आणि तरी पुस्तक मिटताना आपल्या मनात कडूपणा उरत नाही. मला वाटतं, कृतज्ञता अशीच असावी, खरं बोलणारी.

म्हणून रडणाऱ्या शेजारणीला "देवाने बाकी किती दिलंय ते बघ" असं कधी सांगू नका. तिला चहा करून द्या. उपकार मोजायचे ते आपले आपण, दुसऱ्याला मोजायला लावायचे नाहीत.

आता माझ्या घरात काय बदललं ते सांगते. पटलं तर करून बघा.

एक: आभार मोघम मानू नका, वस्तूचं किंवा कामाचं नाव घ्या. "थँक्यू" म्हणून मोकळं होण्यापेक्षा "सांबार निवडून ठेवलास, माझी दहा मिनिटं वाचली" हे नवऱ्याला जास्त पोचतं. (पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींनो, आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो!)

दोन: त्याच दिवशी सांगा. रात्रीच्या प्रार्थनेत ज्याचं नाव घेतलं, त्याला ते झोपण्याआधी कळू द्या. आमच्याकडे आता कुटुंब-प्रार्थनेत प्रत्येकाने घरातल्या एकाच्या एका कामाबद्दल देवाचे उपकार मानायचे, आणि तेही त्याच्यासमोर, मोठ्याने. पहिले आठ दिवस सगळे लाजले. मुलगी म्हणाली, "पप्पांनी आज पंख्याखालची जागा दिली." हे खाली मान घालून हसले.

तीन: वाढताना ताटाकडे बघा. कोण काय घेतं, कोण काय सोडतं. न मागणाऱ्या माणसाचे उपकार तिथेच दिसतात.

चार: जमत असेल तर मूठ काढा. ही रीत फक्त आमचीच नाही. मिझोराममधल्या ख्रिस्ती बाया शंभराहून अधिक वर्षं स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढत आल्या आहेत. आपल्या हिंदू घरांतही गोग्रास असतोच, दारी आलेल्याची माधुकरी असायची. आणि आपले गाडगेबाबा! शेंडगावला जन्मलेले, 1956 साली वलगावजवळ देह ठेवलेले. आधी गाव झाडायचा आणि मग भाकरी घ्यायची, आभाराला थांबायचंच नाही. देणारा असा असला की घेणाऱ्याची मान खाली जात नाही. मूठ देताना हे ध्यानात ठेवा.

आई मागल्या वर्षी गेल्या. शेवटची दोन वर्षं आमच्याकडेच होत्या. भांडलोही आम्ही, मेथीचे देठ मला आजही दिसतातच! पण आता बोलायचं काही राहून गेलं नव्हतं. शेवटच्या आजारात त्यांना जेवण जाईनासं झालं, तेव्हाही सकाळी डब्याकडे बोट दाखवायच्या. मी मूठ टाकली की डोळे मिटायच्या.

डालड्याचा तो डबा आता माझ्या ओट्यावर आहे. रंग उडालाय, झाकण वाकडं झालंय. परवा मुलगी सुट्टीला घरी आली, तेव्हा भाकरीची परात घेण्याआधी तिचा हात आपोआप ज्वारीच्या पोत्यात गेला. मी काही बोलणार नव्हते. मग आठवण झाली, आणि म्हणाले, "तू मूठ काढलीस, मला फार बरं वाटलं गं."

"मम्मी, घरच्या माणसाचे कुणी आभार मानतं का?" ती आजीची नक्कल करत म्हणाली, आणि आम्ही दोघीही हसलो.

मानावेत, मैत्रिणींनो. आज संध्याकाळी एकदा मानून बघाच.