रुमालाविना पोथी

परवा कपाट आवरताना खणाच्या तळाशी ते सापडले. पाटीहून पातळ, हातात घेतल्यावर वजनही न जाणवणारे, आवाज टिपणारे आणि ऐकवणारे यंत्र. पडद्याच्या कोपऱ्यातून निघालेली भेग तशीच. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि खण पुन्हा लावून टाकला.

२००८ साली ते घेतले तेव्हा आम्ही दोघेही तासिका तत्त्वावर शिकवत होतो. एक बारामतीला, दुसरा इंदापूरला. रखडलेले मानधन एकदम हाती आले, त्यातून हे घेतले. चैन म्हणून नव्हे, असे निदान आम्ही स्वतःला सांगितले. निमगाव केतकीच्या आमच्या आजींना जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून जमवलेल्या ओव्यांविषयी आम्ही ऐकले होते. ती संख्या पुढे लाखावर गेली. आपण घरातल्या तरी टिपाव्यात, एवढीच आमची उमेद. आजी दोन दुपारी जात्याशी बसल्या. घरचे दळण केव्हाच गिरणीत जाऊ लागले होते. पण हातात खुंटा असल्याशिवाय ओवी आठवत नाही, असे त्यांचे म्हणणे.

तिसऱ्या आठवड्यात इंदापूरहून परतताना एस.टी.त उभ्याने प्रवास झाला. शबनम दोन माणसांच्या मध्ये दाबली गेली. यंत्र पडले नाही, आपटले नाही. काटेवाडी मागे पडल्यावर बाहेर काढले, तर भेग! पुण्याच्या सेवाकेंद्रात उत्तर तयार होते : हे 'फिजिकल डॅमेज', वॉरंटीत बसत नाही. जवळ बाळगण्यासाठी केलेली वस्तू जवळ बाळगल्याने मोडत असेल, तर दोष बाळगणाऱ्याचा कसा? यावर तो मुलगा नम्रपणे म्हणाला, "सर, जुने जमा करा, निम्म्या किमतीत नवे देतो." आणि आतल्या ओव्या? त्यांची जबाबदारी कंपनीवर नव्हती. रूप आणि आशय अविभाज्य असतात, असे आम्ही वर्गात शिकवत होतो. त्या मुलाने ते दोन मिनिटांत वेगळे करून दाखवले. आम्ही जुने यंत्र घेऊन परतलो.

अशी तक्रार करणारे आम्ही पहिले नव्हतो. सप्टेंबर २००५ मध्ये ॲपलचा आयपॉड नॅनो आला : ६.९ मिलिमीटर जाडी, ४२ ग्रॅम वजन. स्टीव्ह जॉब्स यांनी तो जीन्सच्या चोरखिशातून काढून दाखवला होता. काही आठवड्यांतच पडदे तडकल्याच्या, ओरखडल्याच्या तक्रारी आल्या. तडकलेले पडदे ही पुरवठादाराकडची चूक, तीही हजारात एकाहून कमी नगांत, असे कंपनीने सांगून ते बदलून दिले. ओरखड्यांची चिंता असणाऱ्यांना मात्र खोळ वापरण्याचा सल्ला मिळाला. प्रकरण कॅलिफोर्नियात न्यायालयात गेले आणि २००९ मध्ये सव्वादोन कोटी डॉलरवर मिटले.

खोळीचा सल्ला हास्यास्पद वाटला, तरी आमच्या गावाने त्यावर हसू नये. मोरोपंतांची बारामती ही. त्या काळच्या पोथ्यांना वरखाली फळ्या, त्यावर रुमाल. फरक इतकाच की, पोथी जपावी लागते हे कुणी लपवले नव्हते.

आपल्याकडे २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात रचनेतल्या दोषासाठी उत्पादकाला जबाबदार धरण्याची स्पष्ट तरतूद आहे. आम्हांला तिचा उपयोग नाही. तक्रारीची दोन वर्षांची मुदत केव्हाच उलटली. शिवाय तक्रारीत काय लिहिणार होतो? तीन आठवड्यांत ओव्यांची एक प्रत संगणकावर उतरवून ठेवायला आम्हांला कुणी अडवले होते? पोथ्या टिकल्या त्या रुमालापेक्षाही नकला करणाऱ्यांमुळे, हे तर आम्ही परीक्षेत विचारत असू.

"पुन्हा बसू," असे आजींना म्हणालो होतो. मग उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले. वैशाखात आजी गेल्या.

अशा यंत्रातली स्मृती काढून वाचून देणारे पुण्यात आहेत, असे एका विद्यार्थ्याने मागे सांगितले. पत्ता लिहून घेतला आहे. इतक्या वर्षांनी आत काही उरले नसेल, अशीही शक्यता त्याने प्रामाणिकपणे सांगितली. यंत्र अजून खणातच आहे.