जेथे चैत्र वर्षाअखेर येतो

जुन्या लेखांतील मित्या तपासून त्यांचा इसवी सनाशी मेळ घालणे हाच ज्याचा व्यवसाय आहे, त्याला निरनिराळ्या प्रांतांची पंचांगे धर्मजिज्ञासेपेक्षा हिशेबाच्या निकडीनेच वाचावी लागतात. आणि महाराष्ट्रातील दफ्तरांवर नजर बसलेल्या माझ्यासारख्या अभ्यासकाला या कामी आसामइतका उद्बोधक प्रांत दुसरा क्वचितच सापडेल, कारण तेथे शक आपलाच, महिन्यांची नावे आपलीच, आणि तरीही वर्षाची घडण सर्वस्वी निराळी.

उत्तर गुवाहाटीत, ब्रह्मपुत्रेच्या तीरावर, कनाई बरशी बोवा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकावर एक चिमुकला संस्कृत लेख आहे. कामरूपात आलेले तुरुष्क क्षय पावले, एवढीच वार्ता तो सांगतो. काळ मात्र सांकेतिक शब्दांत दिला आहे. तुरग म्हणजे सात, युग्म म्हणजे दोन, ईश म्हणजे अकरा, आणि अंकांची गती उजवीकडून डावीकडे; म्हणजे शक ११२७, मास मधु अर्थात चैत्र, आणि दिवस तेरावा. आता आपल्याकडील रिवाजाने ११२७ मध्ये ७८ मिळवले, तर उत्तर येते १२०५ चा वसंत. परंतु बखत्यार खिलजीच्या ज्या फसलेल्या तिबेट स्वारीशी हा लेख जोडला जातो, तिच्यातून परतल्यावर तो अल्पावधीतच, १२०६ साली, मरण पावला. वर्षाची ही तफावत लेखकाच्या प्रमादाने पडलेली नाही. आसामच्या सौरवर्षात चैत्र हा पहिला नव्हे तर बारावा महिना आहे, हे ध्यानी घेतले की तोच शक ११२७ आणि तोच चैत्र १२०६ च्या मार्चात येऊन बसतो.

बोहाग, जेठ, आहार, शाओण, भाद, आहिन, काति, आघोण, पुह, माघ, फागुन आणि सोत, म्हणजे आपला चैत्र, हे तेथील बारा महिने. सूर्य एका राशीतून दुसरीत गेला की महिना पालटतो. चंद्राच्या कलांचा त्याच्याशी संबंध नाही, आणि म्हणून अधिक मासाची उठाठेवही नाही. उन्हाळ्यात सूर्याची गती मंद भासते, त्यामुळे आहार कधी बत्तीस दिवसांचाही होतो, तर पुह एकोणतिसांतच आटोपतो. तिथींनी चालणारे सण मात्र तेथेही आहेत. वैष्णव संत शंकरदेवांची पुण्यतिथी भाद्रपद शुद्ध द्वितीयेला, त्यांचे शिष्य माधवदेव यांची त्याच भाद महिन्यातील कृष्ण पंचमीला, आणि तो सबंध महिना नामघरांतून नामकीर्तनाचा घोष चालतो. पण लोकजीवनाचा कणा म्हणावेत असे तिन्ही बिहू संक्रांतीलाच बांधलेले आहेत.

त्यांपैकी रंगाली बिहूचा पहिला दिवस, हे लक्षात ठेवण्याजोगे, सरत्या वर्षाचा आहे. सोत महिन्याच्या अखेरच्या दिवशी, बहुधा १४ एप्रिलला, गोरू बिहू होतो. उडीद आणि हळद वाटून गुरांच्या अंगाला लावतात, त्यांना नदीवर वा तळ्यावर न्हाऊ घालतात, दिघलतीच्या डहाळ्यांनी हलकेच झोडतात, भोपळ्याच्या व वांग्याच्या फोडी त्यांच्याकडे टाकतात आणि सायंकाळी नवी दावी बांधतात. माणसांचा बिहू, वडीलधाऱ्यांना हाताने विणलेला गामोसा देऊन नमस्कार करण्याचा, तो दुसऱ्या दिवशी, १ बोहागला. नववर्षाच्या उंबरठ्यावर पशूंना हा अग्रमान देणारी व्यवस्था आमच्या पोळ्याइतकीच, किंबहुना किंचित अधिक, सुसंस्कृत आहे असे माझे प्रामाणिक मत आहे.

आहिन सरून काति लागताना येणाऱ्या बिहूला कंगाली म्हणतात. शालिधान शेतात हिरवे उभे असते, कोठार मात्र रिते; म्हणून त्या दिवशी मेजवानी नाही, नाच नाही; तुळशीपाशी, कोठारापाशी आणि बांधावर दिवे लावायचे, उंच बांबूवर आकाशबंती चढवायची आणि पिकाचे रक्षण मागायचे, एवढेच. आघोण-पुहात कापणी आटोपली की भोगाली बिहू. त्याच्या आदल्या रात्रीला उरुका म्हणतात. गवत-बांबूच्या भेलाघरात सामुदायिक भोजन होते आणि माघाच्या पहिल्या पहाटे स्नान करून मेजी, म्हणजे रचलेली होळी, पेटवतात.

कामाख्येच्या अंबुवाचीकडे मात्र मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यावे. सूर्य आर्द्रा नक्षत्री प्रवेश करतो त्या सुमारास, आहार महिन्याच्या सातव्या दिवशी, जूनच्या २२ तारखेच्या आसपास, नीलाचलावरील मंदिर तीन दिवस बंद होते. पृथ्वी रजस्वला मानून नांगरही थांबतो. सूर्याच्या नक्षत्रावर पाऊस मोजण्याची ही रीत आपल्या शेतकऱ्याला परकी नाही, आणि मराठी दफ्तरांतील शुहूर सन, ज्याला मृगसाल असेही म्हणत, तोही सूर्य मृगात गेल्यावरच पालटत असे. गुढीपाडव्याला वर्ष सुरू करणाऱ्या प्रांताच्या सरकारी जमाखर्चाने, निदान या बाबतीत, आसामचाच मार्ग धरला होता.

राहता राहिला भास्कराब्द. हल्ली आसामी पंचांगांवर झळकणारा हा सन इसवी ५९३-९४ च्या सुमारास आरंभतो आणि कामरूपाचा राजा, हर्षवर्धनाचा समकालीन, भास्करवर्मा याच्या नावे सांगितला जातो. अभिमान समजण्यासारखा आहे. पुरावा दुबळा आहे. याच राजाच्या गादीवर पुढे बसलेल्या हर्जरवर्म्याचा तेजपूरचा शिलालेख गुप्त संवत् ५१० चा आहे, आहोम काळात साठ वर्षांच्या लाकनी चक्राशेजारी शकच चालला, आणि भास्कराब्दाचा आकडा बंगाली सनाशी तंतोतंत जुळतो, जो पुष्कळांच्या मते हिजरी सनाला सौर रूप देऊन घडवलेला आहे. म्हणून व्यवहारात भास्कराब्द खुशाल वापरावा. इतिहासाचे साधन म्हणून तो मला ग्राह्य वाटत नाही.

मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अंमलात आली आणि तिने चैत्र पहिला ठरवला. आसामचा बिहू तिच्या हुकुमाने एक दिवसही हलला नाही. तेव्हा पूर्वेकडील सौर गणनेच्या लेखात शकाबरोबर चैत्र दिसला, तर वाचकाने ७८ नव्हे, ७९ मिळवावेत.